चोख डायरीची धास्ती

खेळाडूच्या हातात आहाराची डायरी दिली की त्याच दिवसापासून त्याचं खाणं बदलतं. कुणी रात्रीचं गोड सोडतं, कारण ते लिहायची लाज वाटते. एरवी फळाला हात न लावणारा त्या आठवड्यात रोज फळ खातो. कुणी तर सरळ कमीच खातं, कारण प्रत्येक घासाची नोंद ठेवायचा कंटाळा. खेळाडूंच्या आहाराचं मूल्यमापन हे माझं पोटापाण्याचं काम, तरी सांगते, माझ्या टेबलावर येतं ते त्या माणसाने मला दाखवायला काढलेलं खाणं असतं. खरं खाणं त्याच्या आसपास कुठेतरी असतं.

याची आता सवय झाली आहे. पानांवर डाग, खाडाखोड, मध्येच 'दुपारी काहीतरी खाल्लं, आठवत नाही' असा शेरा, अशी डायरी आली की मी निर्धास्त असते. या माणसाचं जेवण त्याच्या डोक्यात चोवीस तास बसलेलं नाही एवढं तरी कळतं. मला धास्ती वाटते ती चोख डायरीची.

अशी एक डायरी लांब पल्ल्याच्या एका धावपटू मुलीची होती. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीने आखलेले. दूध मिलीलीटरमध्ये न लिहिता ग्रॅममध्ये, कारण तिने पेला काट्यावर ठेवूनच भरला होता. 'बदाम ११.' 'अर्धं सफरचंद, ७२ ग्रॅम, गाभा काढून.' भाज्या तीन रंगांच्या, कडधान्य रोज, साखर शून्य, तळलेलं काही नाही. शनिवारच्या पानावर 'संघाबरोबर बाहेर जेवण' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे एकच शब्द होता: पाणी. तिचे प्रशिक्षक माझ्यासमोर बसून ती पानं उलटत होते. "मॅडम, बाकीच्या पोरांना ही डायरी दाखवा," ते म्हणाले. "याला म्हणतात शिस्त."

गुणांच्या भाषेत बोलायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. आहाराच्या दर्जाला गुण द्यायच्या पद्धती बऱ्याच आहेत. त्यातली खूप वापरली जाणारी एक म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९५ मध्ये आणलेला 'हेल्दी ईटिंग इंडेक्स'. एकूण गुण १००. फळं, भाज्या, अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, दूध यांचे गुण वाढत जातात. मीठ, वरून घातलेली साखर, मैद्यासारखी सत्त्व काढलेली धान्यं आणि संपृक्त स्निग्ध पदार्थ जास्त झाले की कमी होतात. त्या मुलीला या मापाने नव्वदीच्या वर गुण मिळाले. माझ्याकडे एवढे गुण क्वचितच कुणाला मिळतात.

आता या निर्देशांकाची आतली रचना बघा. त्यात बहुतेक घटक दर १००० कॅलरींमागे मोजले जातात. हेतू चांगला आहे. कुणी जास्त खातो, कुणी कमी. प्रमाणाचा गोंधळ बाजूला ठेवून आहाराचा नुसता पोत पाहायचा. पण त्यामुळे होतं काय, की जेवढी गरज आहे त्याच्या निम्मं खाणाऱ्यालाही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. भाजी भरपूर, साखर नाही, मीठ बेताचं, आणि पोट अर्धं रिकामं. निर्देशांकाला रिकामं पोट दिसतच नाही. तो बनवला गेला तो बैठं काम करणाऱ्या, जास्त खाऊन आजारी पडणाऱ्या समाजासाठी. तिथे ही त्रुटी फारशी बोचत नाही. दिवसाला तीस किलोमीटर पळणाऱ्याच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न तिथेच असतो.

याची उलट बाजूही आहे आणि ती थोडी गमतीची आहे. लांबच्या शर्यती करणारा सायकलपटू घ्या. तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीत त्याने तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालावीत आणि अडीच तासांच्या वर गेलं तर ९० पर्यंत जावं, असं क्रीडापोषणाचं शास्त्र सांगतं. ही कर्बोदकं म्हणजे बव्हंशी साखरच: पेयातली, जेलमधली, गोळ्यांतली. घामातून मीठ जातं म्हणून मीठ वाढवायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी आतड्यांवर भार नको म्हणून चोथा कमी करायचा, म्हणजे सत्त्व काढलेलं धान्य आलंच. हा माणूस आपल्या खेळाला लागतं तसं तंतोतंत खातो आणि निर्देशांकात सपाटून मार खातो. म्हणून तर खेळाडूंसाठी वेगळं माप हवं, असं लोकांना वाटू लागलं. ऑस्ट्रेलियात 'ॲथलीट डाएट इंडेक्स' नावाचं असं एक माप तयारही झालं आहे. पण माप कुठलंही असो, ते ताटात काय आहे एवढंच सांगणार. ताटासमोर बसलेल्याच्या मनात काय चाललंय, हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खेळाडूंच्या बाबतीत तोच पहिला विचारायला हवा.

त्याकडे वळण्याआधी थोडं गणित, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. खेळाडूचं पोट भरतंय का, हे पाहायला 'ऊर्जा उपलब्धता' मोजतात. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून सरावात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्याला शरीरातली चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागायचं. समजा एखादी मुलगी ६० किलोची, त्यातलं चरबीविरहित वजन ४८ किलो. खाणं २२०० कॅलरी, सरावात ८०० खर्च. उरल्या १४००, भागिले ४८, उत्तर साधारण २९. २२०० हा आकडा कुणालाही भरपूर वाटेल. पण हृदय, मेंदू, हाडं, संप्रेरकं, त्वचा, रोगप्रतिकार या सगळ्यांच्या वाट्याला किलोमागे फक्त २९ कॅलरी आल्या. ४५ च्या आसपास असावं असं मानतात आणि ३० च्या खाली गेलं की धोक्याची घंटा. हा ३० चा आकडा बराचसा २००३ च्या एका प्रयोगावर उभा आहे. त्यात व्यायाम न करणाऱ्या तरुण स्त्रियांना पाच-पाच दिवस मोजून-मापून कमी ऊर्जेवर ठेवलं होतं, आणि ३० च्या खाली पाळीशी संबंधित संप्रेरकाची लय बिघडताना दिसली. म्हणजे ही अंदाजाची रेघ आहे. तिच्या या बाजूला सगळं आलबेल आणि त्या बाजूला आजार, असं शरीर वागत नाही.

आणि त्या गणितात टाकलेले २२०० आले कुठून? डायरीतून. शरीराने खरोखर किती ऊर्जा वापरली हे काढायची एक नामी पद्धत आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि मग दिवसागणिक लघवीतून दोन्ही कोणत्या वेगाने कमी होतात ते पाहायचं. महागडी पद्धत, पण तिला फसवता येत नाही. खेळाडूंच्या डायऱ्या आणि हे पाणी यांची तुलना करणारे अभ्यास २०१७ मध्ये एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा डायरीत सरासरी जवळजवळ एक-पंचमांश ऊर्जा कमी नोंदलेली आढळली. आता आपल्या मुलीच्या गणितात हे घालून बघा. तिने खरोखर २७०० खाल्ले असतील तर उत्तर २९ वरून ३९ च्या पुढे जातं. तीच मुलगी, तोच आठवडा. एका हिशोबाने उपाशी, दुसऱ्याने बऱ्यापैकी जेवलेली. शिवाय सरावातले ८०० मनगटावरच्या घड्याळाने सांगितलेले, त्या घड्याळाबद्दल न बोललेलंच बरं.

म्हणून मग माणसालाच विचारायचं. खाण्याकडे तू कसं बघतेस? यासाठीही कागद आहेत. सगळ्यात प्रसिद्ध 'ईट-२६'. १९७९ मध्ये टोरांटोत ४० विधानांची प्रश्नावली तयार झाली आणि १९८२ मध्ये तिची २६ केली. मुळात ती अनोरेक्सियाच्या (स्वतःला उपाशी ठेवण्याच्या मानसिक आजाराच्या) रुग्ण स्त्रिया आणि निरोगी स्त्रिया यांच्यातला फरक टिपायला बनवलेली. प्रत्येक विधानापुढे 'नेहमी' ते 'कधीच नाही' अशी खूण करायची. 'नेहमी' म्हटलं की ३ गुण, त्याखाली २, मग १, आणि उरलेल्या तिन्ही पर्यायांना शून्य. फक्त एका विधानाचे गुण उलटे. ७८ पैकी २० किंवा जास्त आले की पुढची तपासणी.

ही प्रश्नावली मी पहिल्यांदा एका कुस्तीगिराला देताना पाहिली. त्याच्या हातात पेन, माझ्या डोळ्यांसमोर विधानं. पदार्थात किती कॅलरी आहेत हे ठाऊक असतं का? नेहमी. व्यायाम करताना कॅलरी जळण्याचा विचार येतो? नेहमी. गोड टाळतोस? नेहमी. खाण्यावर ताबा ठेवतोस? नेहमी. वजन कमी करायचं डोक्यात असतं? स्पर्धा दहा दिवसांवर आली होती, दुसरं काय असणार डोक्यात. अशी सात 'नेहमी' झाली की २१ गुण होतात. तो हसत हसत म्हणाला, "ताई, मी पेशंट झालो की काय?" तो पेशंट नव्हता. स्पर्धा संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याला हाच कागद दिला असता तर गुण एक आकडी आले असते. प्रश्नावली म्हणजे चाळण आहे. काय राहिलं आणि काय गळलं हे हाताने निवडून बघावंच लागतं. पण हाताने निवडायला वेळ लागतो आणि संघाच्या शिबिरात वेळ कुणाकडे नसतो. मग अहवालात जातो तो आकडा.

या आकड्याने आणखी एक घोटाळा होतो. खाण्याची वृत्ती म्हणजे स्वभाव, असं आपण धरून चालतो. कुणी हळवं, कुणी हट्टी, तसं कुणी खाण्याच्या बाबतीत वेडं. इथे मला दर वेळी मिनेसोटा विद्यापीठातला तो प्रयोग आठवतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात उपासमार होती आणि उपाशी माणसाला पुन्हा कसं जेवू घालावं हे शोधायचं होतं. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सगळे स्वयंसेवक, युद्धात शस्त्र घ्यायला नकार दिलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना निमउपाशी ठेवलं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. वजन साधारण पाव भागाने उतरलं. ते अपेक्षितच होतं. पण ही माणसं जेवणाच्या ताटावर तासन्‌तास बसू लागली. अन्नाचे बारीक तुकडे करून ते मांडू लागली, एकात एक कालवू लागली, ताटं चाटू लागली. आयुष्यात स्वयंपाकघरात न गेलेले पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड, एकलकोंडेपणा, खाण्याखेरीज कशातच रस नाही.

या ३६ जणांना ईट-२६ दिली असती तर? घास बारीक करणं, अन्नाचाच विचार डोक्यात असणं, अन्नाला फार वेळ देणं, हे सगळं त्या प्रश्नावलीत आहे. बरेच जण २० च्या वर गेले असते. आणि त्यांच्या स्वभावात सहा महिन्यांपूर्वी यातलं काहीही नव्हतं. भुकेने त्यांना तसं केलं होतं. म्हणजे वृत्ती बिघडली म्हणून खाणं कमी झालं, की खाणं कमी पडलं म्हणून वृत्ती बिघडली, हे नुसत्या गुणांवरून सांगता येत नाही. खेळाडूंमध्ये तर दोन्ही वाटा असतात. कित्येक जण सराव वाढवतात आणि खाणं तेवढंच राहतं. वेळ मिळत नाही, कठीण सरावानंतर भूक मरते, माहिती नसते. काही महिन्यांनी ते अन्नाबद्दल विचित्र वागायला लागतात आणि आजूबाजूचे म्हणतात, याच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. अशा माणसाला समुपदेशनाआधी पोटभर जेवायला घालून बघावं. माझा हा सल्ला काहींना उथळ वाटतो, वाटू दे.

ज्यांच्या बाबतीत खरोखर आजार असतो, ते थोडे नसतात. नॉर्वेत देशातल्या सगळ्या उच्चस्तरीय खेळाडूंची पाहणी झाली होती, नुसत्या प्रश्नावलीवर न थांबता मागून मुलाखती घेऊन. २००४ मध्ये छापलेले आकडे असे: खेळाडूंत १३.५ टक्के लोकांना खाण्याशी संबंधित विकार, तर सामान्य गटात ४.६. स्त्री खेळाडूंत २० टक्के. पुरुष खेळाडूंत ८, आणि सामान्य पुरुषांत अर्धा टक्का. सगळे स्त्रियांचा २० टक्क्यांचा आकडा उचलून धरतात. मला पुरुषांचा जास्त अस्वस्थ करतो, कारण पुरुष खेळाडूला हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. त्याची पाळी चुकत नाही, त्यामुळे शरीर ओरडून सांगतंय हे त्याला स्वतःलाही कळत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये 'रेड-एस' (खेळाडूला पडणारी ऊर्जेची तूट आणि तिचे शरीरावरचे परिणाम) ही कल्पना मांडली, ती यासाठीच. आधी हा 'स्त्री खेळाडूंचा' त्रास मानला जायचा. आता ऊर्जेची तूट पुरुषांनाही पोखरते हे मान्य झालं आहे. मान्य झालं म्हणजे अंगवळणी पडलं असं मात्र नाही.

त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीची ईट-२६ ही नव्वदीतल्या डायरीइतकीच सुंदर होती. गुण ४. एकही 'नेहमी' नाही. तिला प्रश्नावली कळली होती, एवढाच त्याचा अर्थ. कागद गोळा करून घेणारे प्रशिक्षक होते आणि संघनिवड पुढच्या महिन्यात होती. कोण लिहील खरं? तेव्हापासून माझं ठाम मत आहे की कागद काय विचारतो यापेक्षा तो कुणाच्या हातात जाणार यावर उत्तर ठरतं. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्या हातात ही उत्तरं जाता कामा नयेत. बस.

तिला मी दुसरी प्रश्नावली दिली, 'लीफ-क्यू'. २०१४ ची, स्त्री खेळाडूंसाठी, २५ प्रश्न. तिची खुबी अशी की ती खाण्याबद्दल विचारतच नाही. दुखापती किती झाल्या, सरावाचे किती दिवस बुडाले, पोट फुगतं का, शौचाला साफ होतं का, पाळी कशी आहे. इथे काय लपवायचं हे खेळाडूला कळत नाही, त्यामुळे ती खरं सांगते. नडगीच्या हाडाला दोनदा बारीक चीर. पोट कायम जड. आणि पाळी? "हंगामात नाही येत. पण ते सगळ्यांचंच असतं ना ताई?" हे तिने इतक्या सहज विचारलं की क्षणभर मलाच वाटलं, असतं का? लीफ-क्यूत ८ किंवा जास्त गुण आले की ऊर्जा कमी पडत असल्याचा धोका धरतात. ती बरीच पुढे होती.

अशा वेळी सगळा दोष त्या एका पोरीच्या माथी मारायची सोय असते. पण वृत्ती खेळाच्या नियमांतूनही घडते. १९९७ च्या अखेरीला अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात महाविद्यालयीन स्तरावरचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. त्यानंतर घाम काढण्यासाठी रबरी सूट आणि सौना यांवर बंदी आली आणि वजन करायची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली. स्की-जंपिंगमध्ये हलकं शरीर लांब उडतं म्हणून खेळाडू वाळत चालले होते. २००४ मध्ये नियम आला, उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर स्की आखूड वापरायच्या. आखूड स्की म्हणजे हवेत आधार कमी, म्हणजे वाळून झालेला फायदा गेला. एकाही खेळाडूचं समुपदेशन न करता उपाशी राहण्यातला फायदा कमी केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा सगळे तिच्या रात्रभराच्या धडपडीबद्दल बोलत होते. त्या रात्री तिला ईट-२६ दिली असती तर किती गुण आले असते, आणि ते गुण तिचे धरायचे की वजनकाट्याचे?

शुद्ध खाण्याच्या हव्यासाला नाव आहे, 'ऑर्थोरेक्सिया'. १९९७ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने ते सुचवलं. मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात अजून त्याला जागा मिळालेली नाही, आणि त्यासाठी असलेली एक चाचणी काही ठिकाणी निम्म्याहून जास्त लोकांना त्यात बसवते, त्यामुळे तिच्यावर विसंबायला मी तयार नाही. पण आशय ओळखीचा आहे. खेळाडूत तो ओळखणं अवघड जातं, कारण ज्या वागण्याला घरी काळजीने बघतात त्याच वागण्याला मैदानावर टाळ्या पडतात.

हल्ली मी मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारते: ठरलेलं जेवण मिळालं नाही तर काय करतोस? प्रवासात बस बंद पडली, डबा सांडला, हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालं. बहुतेक जण म्हणतात, जे मिळेल ते खातो, थोडी शिवी देतो. काही जण गप्प होतात आणि मग विचारतात, म्हणजे किती वेळ नाही मिळालं? त्या मुलीने विचारलं होतं, "सोबत माझा काटा असेल का?"

ती आता एका डॉक्टरांकडे जाते. तिचे प्रशिक्षकही एकदा येऊन बसले, अर्धा तास काही बोलले नाहीत, मग म्हणाले की वजनाचा तक्ता भिंतीवरून काढून टाकतो. काढला की नाही ते मी विचारलेलं नाही. पुढच्या शिबिरात मी एवढं करणार आहे: आधी लीफ-क्यू आणि मुलाखत, दार लावून, डायरी सगळ्यात शेवटी, तीही हंगामात एकदा आणि सुट्टीत एकदा. आणि डायरीत वजनाचा रकाना ठेवणार नाही. 'एक वाटी', 'दोन घास', 'थोडंसं' असं लिहिलेलं चालेल. माझं गणित थोडं ढिलं पडेल, ते मी बघून घेईन.